नाताळात वेळ कोणाचा जातो?

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या मंडळ्यांमधून एक ठरावीक उपदेश सुरू होतो. व्यासपीठावरून होतो, महिला मंडळाच्या बैठकीत होतो, पत्रकात छापून येतो, आणि व्हॉट्सॲपवर तर रोज सकाळी येतो. नाताळाच्या गडबडीत ख्रिस्ती माणसाचा प्राधान्यक्रम ढळतो, म्हणून तो आधी कागदावर लिहून काढा, असं सांगितलं जातं. देव पहिला, कुटुंब दुसरं, मंडळी तिसरी, नोकरी चौथी. पहाटे अर्धा तास लवकर उठा. कामांची यादी करा. यादीत न बसणाऱ्या गोष्टीला नम्रपणे 'नाही' म्हणायला शिका. एवढं केलंत की पंचवीस तारखेला तुम्ही दमलेले नसाल आणि मनात शांती असेल.

हा उपदेश करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी त्याला ठाम विरोध करते. डिसेंबरात ख्रिस्ती घरं थकतात, त्याचं कारण घरातल्या माणसांना वेळ आखता येत नाही हे नाही. मंडळ्यांनी, बाजाराने आणि मालकांनी मिळून हा महिना काठोकाठ भरून ठेवला आहे. आणि भरलेल्या महिन्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडतं, हे विचारायचं आपण सोडून दिलं आहे. 'माझा वेळ मी कसा वापरू?' याच्या आधी ख्रिस्ती माणसाने विचारायला हवं, 'मी कोणाचा वेळ घेतो आहे?' हा प्रश्न त्या यादीत कुठेच नसतो.

मी गिंडीत राहते, म्हणून इथलाच डिसेंबर पुढे ठेवते. चेन्नईचा हा भाग दोन टेकड्यांच्या मधे आहे. एका बाजूला चिन्नमलै, म्हणजे लिटल माउंट, जिथे संत थोमा लपून राहिला अशी परंपरा आहे. दुसऱ्या बाजूला परंगीमलै, सेंट थॉमस माउंट, जिथे त्याला मारलं असं मानतात. मधल्या सपाटीवर 1958 साली सुरू झालेली औद्योगिक वसाहत, काचेच्या इमारतींतल्या आयटी कंपन्या, अभियांत्रिकी महाविद्यालय, रेसकोर्सचं मैदान, राज्यपालांचं निवासस्थान आणि सारखा वाहत असलेला काठीपाराचा पूल. डिसेंबर म्हणजे इथे ईशान्य मान्सूनचा पाऊस, मुलांच्या सहामाही परीक्षा, कारखान्यांत वर्षअखेरीच्या ऑर्डरींची घाई, आणि परदेशी ग्राहक सुटीवर गेले तरी चालू राहणाऱ्या रात्रपाळ्या.

यावर चर्चचा कार्यक्रम चढतो. नोव्हेंबरपासून गायनमंडळाचा सराव. रविवारच्या शाळेचं नाटक. महिला मंडळाची फराळाची विक्री. गरिबांना कपडेवाटप. आजूबाजूच्या मंडळ्यांबरोबर संयुक्त कॅरोल संध्या. मग कॅरोल राउंड्स. चेन्नईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कॅरोल राउंड्स हा इथला मोठा प्रकार आहे. तरुण मुलंमुली संध्याकाळी कामावरून परत आली की गिटार, ढोल आणि लाल कपड्यातला नाताळबाबा घेऊन व्हॅनमधून सभासदांच्या घरोघरी जातात, गातात, प्रार्थना करतात, पाकीट घेतात, कॉफी पितात आणि पुढच्या घरी निघतात. शेवटच्या घराला मध्यरात्र उलटून जाते. ध्वनिवर्धकाला आणि उघड्यावरच्या वाद्यांनाही रात्री दहा ते पहाटे सहा बंदी आहे, पण प्रत्यक्षात ढोलाचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेलं असतं. त्यानंतर चोवीसच्या रात्रीची उपासना, बऱ्याच तमिळ मंडळ्यांत पंचवीसला उजाडायच्या आत आणखी एक उपासना, एकतीसला वर्ष सरतानाची, आणि एक तारखेची.

यातला कुठलाही एक कार्यक्रम वाईट नाही. मी स्वतः गायनमंडळात उभी राहते आणि आनंदाने राहते. पण हे सगळं एकाच महिन्यात, त्याच त्या माणसांकडून करून घेतलं जातं. अल्टो गाणारी बाईच रविवारच्या शाळेत शिकवते, तीच करंज्या तळते, तिच्याच मुलाची सहामाही असते, आणि चहाची भांडी घासायला शेवटी तीच उरते. चर्चचा शिपाई तर कुठल्याच यादीत येत नाही. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी तो खुर्च्या मांडतो, नंतर उचलतो, दिवे मालवतो आणि शेवटच्या गाडीमागे फाटक लावतो. त्याची बायकामुलं त्या महिन्यात त्याला कधी पाहतात, असं समितीत कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता ज्या व्यासपीठावरून पुढच्या आठवड्याचे चार कार्यक्रम जाहीर होतात, त्याच व्यासपीठावरून त्याच रविवारी 'नाही म्हणायला शिका' असा उपदेश होतो. बाईने 'नाही' म्हणायचं कोणाला? पाळकसाहेबांना? सासूबाई ज्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत त्या मंडळाला? मंडळी बोलावते तेव्हा आपल्याकडे ते बोलावणं देवाचंच समजतात. जो भार सगळ्यांनी मिळून तयार केला, तो एकेकीने आपल्या बळावर नाकारावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. 'नाही' म्हणायचं काम समितीचं आहे. तिने कार्यक्रम छापण्याआधी ते म्हणायला हवं.

हा उपदेश शास्त्रावर उभा आहे असं सांगतात, तेव्हा शास्त्रच पाहू.

'देव पहिला, कुटुंब दुसरं' ही उतरंड प्रभूने कधी घातली? मार्कच्या सातव्या अध्यायात तर त्याने तिच्यावरच बोट ठेवलं आहे. आईबापांना जे द्यायचं ते मी देवाला अर्पण केलं, ते आता कुर्बान झालं, असं म्हणून हात झटकणाऱ्या धर्मनिष्ठांना त्याने सांगितलं की तुम्ही परंपरेपायी देवाचं वचन रद्द करता. देवाला पहिली जागा दिली म्हणून त्यांची प्रशंसा झाली नाही. ज्याचं देणं होतं त्याला वंचित ठेवून देवाचं नाव पुढे केलं, याबद्दल ते खडसावले गेले. वाती लावायला, सजावटीला आणि सरावाला संध्याकाळ दिली, आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ बसायला कोणी उरलं नाही, तर तो हिशेब देवाच्या खात्यावर मांडता येणार नाही.

मराठी ख्रिस्ती वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपल्या घरांत आहे. नारायण वामन टिळकांच्या भक्तीबद्दल आणि दातृत्वाबद्दल कोणाला शंका नाही. पण देवाच्या आणि लोकांच्या ओढीने ते केव्हाही घराबाहेर पडत, हातातलं देऊन टाकत, आणि मागे राहिलेल्या घराचं काय झालं हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं आहे. त्यांनी ते प्रेमाने लिहिलं, कडवटपणा न धरता लिहिलं. पण वाचणाऱ्याने प्रेमाकडे पाहून कष्ट विसरू नयेत. एका माणसाच्या 'देव पहिला'ची किंमत त्याच घरातलं दुसरं माणूस आपल्या दिवसांनी मोजत होतं.

पहिल्याने देवाचं राज्य मिळवायला झटा, हे वचन या उतरंडीच्या बाजूने हटकून पुढे केलं जातं. मत्तयाचा सहावा अध्याय उघडून पाहा. तिथे दिवसाच्या तासांची वाटणी नाही. काय खावं, काय प्यावं, काय नेसावं याची चिंता करू नका, असं तिथे सांगितलं आहे, आणि राज्याबरोबर देवाचं नीतिमत्त्वही शोधायला सांगितलं आहे. त्यातलं नीतिमत्त्व आपण सोयीने गाळतो. ते मधे आणलं की प्रश्न लगेच शिपायाच्या सुटीपर्यंत आणि मोलकरणीच्या पगारापर्यंत पोहोचतो.

पौलाने इफिसच्या मंडळीला वेळेचं सोनं करायला सांगितलं, हा दुसरा आधार. पण ते पत्र तिथे संपत नाही. पुढच्याच अध्यायात तो मालकांना बजावतो की तुमचाही एक धनी स्वर्गात आहे आणि त्याच्याजवळ तोंड पाहून न्याय नाही. त्याच पत्राच्या आधाराने ज्यांना वेळेचा उपदेश करायचा आहे, त्यांनी तो मालकांपर्यंतही न्यावा.

आणि प्रभू स्वतः कसा वागला? याईराची मुलगी मरणाच्या दारात होती. सभास्थानाचा अधिकारी पायावर पडून बोलावत होता, याहून निकडीचं काम कोणतं? तरी वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीत त्याच्या वस्त्राला शिवली, तेव्हा तो थांबला. तिने सगळी हकिकत सांगेपर्यंत थांबला. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप आला. लाजर आजारी असल्याचं कळलं तेव्हा तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. आपल्या कुठल्याही आखणीत हे बसत नाही. जे समोर आलं आहे त्या माणसाला पुरं भेटायचं, एवढं एकच त्या वागण्यात सारखं दिसतं. यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला ओलांडून गेलेले याजक आणि लेवी हेही बहुधा आपापल्या वेळापत्रकात अगदी नीट होते.

राहिली मार्था. डिसेंबरात ही गोष्ट हमखास सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्या बायका माना खाली घालतात. तू फार धावपळ करतेस, मरियेसारखी पायाशी बस. पण ती गोष्ट नीट वाचली तर प्रभूने मार्थेला वेळापत्रक दिलेलं नाही. बसलेल्या मरियेला उठवायला त्याने नकार दिला. एका बाईचा बसून ऐकण्याचा हक्क त्याने तिथे राखला. आपल्याकडे उलट होतं. उपासनेनंतर वचनावर चर्चा सुरू झाली की पुरुष खुर्च्या ओढून घेतात आणि बायकांना कोणी तरी खुणावतं, आधी प्लेटा पाहा. ही गोष्ट सांगायचीच असेल तर ती समितीला सांगा, आणि मग प्लेटा कोण उचलणार ते ठरवा.

बसायच्या हक्काचा प्रश्न चर्चबाहेरही आहे. तमिळनाडूच्या विधानसभेने 2021 मध्ये दुकानांच्या कायद्यात एक दुरुस्ती केली. दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे मालकावर बंधनकारक केलं. कारण टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवरच्या कापडाच्या आणि भांड्यांच्या बहुमजली दुकानांत मुली दिवसच्या दिवस उभ्या असत. ग्राहक नसतानाही त्यांना टेकायची मुभा नसे. गिंडीहून तिथे जायला कितीसा वेळ लागतो? नाताळाची साडी, मुलांचे कपडे, घरावर टांगायचा तारा घ्यायला आपण डिसेंबरात तिथेच जातो, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला जातो, कारण त्याआधी सराव असतो. 2019 पासून तर दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास उघडं राहायची परवानगी सरकारने दिली. प्रत्येकाला आठवड्याची सुटी द्यावी, अशी अट त्या आदेशात आहे. पण रात्री साडेदहाला आपण काउंटरवर उभे असतो तेव्हा समोरच्या मुलीची सुटी कधी असते, ती घरी कशी जाते, हा विचार आपल्या मनात येतो का? तिच्या रात्रीच्या तासांवर आपली 'नीट आखलेली' संध्याकाळ उभी असते.

शब्बाथाची आज्ञा इथे आठवावी. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ती आहे, आणि ती एकट्या घरधन्याला दिलेली नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या सगळ्यांची नावं तिने घेतली आहेत. अनुवाद या पुस्तकात तर कारणही दिलं आहे: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तू मिसरात दास होतास. म्हणजे विश्रांतीची आज्ञाच मुळात दुसऱ्याच्या वेळेविषयी आहे. माझी विश्रांती माझ्या मोलकरणीच्या जादा कामावर उभी असेल तर मी शब्बाथ पाळलेला नाही, मग मी पहाटे कितीही वेळ प्रार्थना केलेली असो.

नाताळाच्या इतिहासालाही या प्रश्नाने एकदा गाठलं आहे. 1647 मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे सण कायद्याने बंद केले. प्युरिटन पुढाऱ्यांना ते सण शास्त्राबाहेरचे वाटत. पण सण गेले तर उमेदवारांची आणि नोकरांची सुटीही गेली, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं गेलं, आणि त्याच वर्षी दर महिन्याचा दुसरा मंगळवार या कष्टकऱ्यांना मोकळा द्यावा असं त्यांना ठरवावं लागलं. सण मोडणाऱ्यांनाही नोकराच्या दिवसाचा हिशेब द्यावा लागला. सण साजरा करणाऱ्या आपल्याला तो द्यावासा वाटत नाही, हे मला बोचतं.

गिंडीची औद्योगिक वसाहत ज्या वर्षी सुरू झाली, त्याच 1958 साली या राज्याने राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्यांचा कायदा केला. राष्ट्रीय दिवसांबरोबर सणांच्या पाच पगारी सुट्या आणि सुटीच्या दिवशी काम केल्यास दुप्पट वेतन किंवा बदली सुटी, असा त्याचा गाभा आहे. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला तो लागू नाही. तिला पंचवीस तारखेची सुटी कायदा देणार नाही, आपणच द्यायची. आणि नाताळात घरी पाहुणे, म्हणून नेमकी त्याच दिवशी ती आपल्याला दोनदा हवी असते. ती ख्रिस्ती असली तर तिचाही सण असतो. नसली तरी आज्ञेतल्या 'परक्या'त ती येतेच.

मला विरोध करणारे म्हणतील, एवढं सगळं बंद करून नुसतं घरी बसायचं का? कॅरोल राउंड्समुळे तरुण मुलं मंडळीत टिकतात. वर्षभर न दिसणारे सभासद त्या निमित्ताने भेटतात. शेजारच्या हिंदू, मुस्लिम घरांत प्रभूच्या जन्माची वार्ता पोहोचते. पाकिटांतून जमलेला पैसा गरिबांसाठी वापरला जातो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. एखाद्या म्हाताऱ्या विधवेच्या दोन खोल्यांत दहा मुलं गाऊन जातात, तेव्हा तिचा नाताळ तिथेच झालेला असतो. ते बंद व्हावं असं मी कधीच म्हणणार नाही. मात्र राउंड्स आज त्या विधवेपुरत्या उरलेल्या नाहीत. सगळ्या सभासदांची घरं झालीच पाहिजेत, एकही चुकलं तर रुसवा, म्हणून रात्र लांबत जाते. पाकीट जाड असलेल्या घरी बसणं लांबतं, आणि शेवटची घरं उरकली जातात. शेजाऱ्यापर्यंत वार्ता पोहोचण्याविषयी म्हणाल, तर रात्री साडेबाराला ढोलाने दचकून उठलेल्या शेजारच्या तान्ह्या बाळाच्या आईला आपण कोणती वार्ता दिली, हे तिलाच विचारावं. आजारी, एकटे, वसतिगृहातल्या परिचारिका आणि परगावाहून आलेले कामगार एवढ्यांकडेच जायचं, आणि रात्री नऊला गाणं थांबवायचं, असं एखाद्या मंडळीने ठरवलं तर तरुण मुलं काही पळून जाणार नाहीत. उलट आपण कशासाठी गातो हे त्यांना कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का? आहे. मोबाइल हातात घेऊन घालवलेली रात्र मंडळीच्या नावावर टाकता येणार नाही. पण काळ पाळणं ही गोष्ट एकट्याने होत नाही, हे आपल्या देशात तरी आपल्याला ठाऊक असायला हवं. गिंडीच्या आजूबाजूला याच दिवसांत मार्गळी महिना चालू होतो, आपण ज्याला धनुर्मास म्हणतो तो. पहाटे देवळांत तिरुप्पावैची पदं ऐकू येतात, दारात कोलम, म्हणजे रांगोळ्या, पडतात. या महिन्यात लग्नं लागत नाहीत. मंगल कार्यालयं रिकामी राहतात. कोणाला वैयक्तिक निर्धार करून लग्नाचं आमंत्रण नाकारावं लागत नाही, कारण आमंत्रणच येत नाही. सगळ्या समाजाने मिळून तो महिना मोकळा ठेवला, म्हणून एकट्या माणसाला पहाटे उठणं जमतं. आपल्याकडेही हे होतं. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, हा वाट पाहण्याचा आणि उपासाचा काळ. आजही केरळी सिरियन ख्रिस्ती घरांत डिसेंबरच्या एक तारखेपासून चोवीसपर्यंत मांस-मासे वर्ज्य असतात, आणि चेन्नईत ती घरं पुष्कळ आहेत. नाताळ पंचवीसला सुरू होतो आणि पुढे बारा दिवस, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. आपण हे उलटं केलं. चोवीसपर्यंत मेजवान्या, आणि सव्वीसला तारे उतरवायचे.

परंगीमलैवर हे सगळं डोळ्यांसमोर आहे. तिथल्या चर्चमधला दगडी क्रूस पोर्तुगीजांना 1547 मध्ये खोदकामात सापडला. 1558 साली 18 डिसेंबरला मिस्सा चालू असताना त्यावर रक्ताचा घाम आला, असं परंपरा सांगते. तो दिवस प्रसूतीची वाट पाहणाऱ्या मरियेच्या सणाचा, आणि ते चर्चही तिच्याच नावाचं. स्पेनमधल्या टोलेडोच्या धर्मसभेने 656 मध्ये हा सण नाताळाच्या एक आठवडा आधी नेमला. नऊ महिने भरत आलेली एक गरीब मुलगी वाट पाहते आहे, याचा हा सण. चमत्कार कोणी मानो न मानो, नाताळाच्या अलीकडे थांबणाऱ्या मरियेला एक स्वतंत्र दिवस आहे, एवढं तरी गिंडीतल्या मंडळ्यांनी मानावं. त्या टेकडीच्या पायऱ्या कोजा पेत्रुस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधून दिल्या. त्यानेच 1726 मध्ये सैदापेटला अड्यार नदीवर पूल बांधला, भाविकांना आणि इतर सगळ्यांना ओलांडून जाता यावं म्हणून. आपला पैसा त्याने दुसऱ्यांची वाट सोपी करण्यात घातला.

त्याच अड्यार नदीने 2015 साली 1 डिसेंबरच्या रात्री सैदापेट, जाफरखानपेट, एक्काडुतांगल, कोट्टूरपुरम बुडवलं. वसाहतीतल्या यंत्रांवर पाणी चढलं, विमानतळ बंद पडला, दिवस दिवस वीज नव्हती. मशिदी, चर्च, शाळा, मंगल कार्यालयं लोकांना आसरा द्यायला उघडली गेली. त्या वर्षी अनेक मंडळ्यांनी सजावट आणि मेजवान्या आवरत्या घेतल्या आणि तो पैसा पूरग्रस्तांकडे वळवला. सराव रद्द झाले, नाटकं रद्द झाली. कोणाला एकट्याने 'नाही' म्हणावं लागलं नाही, सगळ्यांनी मिळून म्हटलं. आणि नाताळ झाला. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यासारखं छापून आलं. पूर आल्याशिवाय समितीला कार्यक्रम कमी करता येत नाही, असं मानायला मी तयार नाही.

तेव्हा प्राधान्यक्रमाच्या पत्रकांवर खर्च करणाऱ्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. सप्टेंबरात नाताळाची पहिली बैठक होते, तिच्यात विषयपत्रिकेवरचा पहिला विषय 'या वर्षी काय करायचं नाही' हा ठेवा. निदान दोन कार्यक्रम सव्वीस डिसेंबर ते सहा जानेवारी या दिवसांत न्या, कारण तो खरा नाताळाचा काळ आहे आणि त्यातले पहिले काही दिवस शाळांना सुटी असते. शिपायाला बैठकीत बोलवा आणि कोणते तीन दिवस त्याला पूर्ण हवेत ते विचारून मगच तारखा लावा. सभासदांपैकी ज्यांची वसाहतीत वर्कशॉप आहेत, दुकानं आहेत, त्यांनी कंत्राटी माणसांनाही पंचवीसची पगारी सुटी दिली का, हे पाळकांनी त्यांना नाव घेऊन, एकट्याला गाठून विचारावं. घरी कामाला येणाऱ्या बाईला चोवीसच्या दुपारी पगारासकट मोकळं करा आणि सव्वीसपर्यंत बोलावू नका. भांडी पुरुषांनी घासावीत.

आणि ही बैठक रविवारी उपासनेनंतर लगेच घेऊ नका. त्या वेळी बायका चहाचं आवरत असतात. त्यांना बसता येईल अशी वेळ ठरवा.